नकाराचे कारण

सकाळी वर्तमानपत्र हाती आले म्हणजे अग्रलेखाच्याही आधी जाहीर नोटिशींचे पान वाचण्याची एक खोड मला फार वर्षांपासून जडलेली आहे. कोणाची जमीन वादात आहे, कोणी नाव बदलले, कोणाचे मूळ खरेदीखत गहाळ झाले, कोणत्या बापाने कोणत्या मुलाशी संबंध तोडला, असा गावाचा सारा खासगी संसार त्या बारीक ठशाच्या चौकटींतून डोकावत असतो. आणि त्यांतच क्वचित, वर्षाकाठी एखाद्या वेळी, एक निराळीच चौकट दृष्टीस पडते. अमुक गावी राहणारा, तमुक देशाचा पासपोर्ट बाळगणारा एक इसम तीत जाहीर करतो की आपण भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करीत आहोत, आणि ते आपणास का मिळू नये याचे कारण ज्या कोणास ठाऊक असेल त्याने वस्तुस्थितीचे लेखी व सहीचे निवेदन सरकारी अधिकाऱ्याकडे धाडावे. ही जाहिरात तो हौसेने देत नाही. २००९ सालच्या नागरिकत्व नियमांनी अर्जासोबत जोडावयाच्या कागदांची जी यादी ठरवून दिली तीत परदेशी पासपोर्टाची व रहिवास परवान्याची प्रत, पैसे भरल्याचे चलन, अर्जदाराचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र, त्याच्या चारित्र्याची ग्वाही देणारी दोघा भारतीयांची प्रतिज्ञापत्रे, भारतीय भाषा येत असल्याचे दोन दाखले आणि अशा नोटिशींची वर्तमानपत्रांतील दोन कात्रणे, एवढा जामानिमा होता.

त्या चौकटीतल्या एका शब्दापाशी मी दर वेळी अडतो, आणि तो शब्द म्हणजे ‘कारण’. शेजाऱ्याला आक्षेप घ्यावयाचा तर त्याने कारण द्यावे, ते लेखी द्यावे, खाली स्वतःची सही करावी, ही शिस्त उत्तमच आहे. पण ती शेजाऱ्याला लावणारा कायदा स्वतः सरकारविषयी बोलू लागला म्हणजे त्याचा सूर एकाएकी पालटतो. नागरिकत्व अधिनियम, १९५५, याचे कलम १४ सांगते की नोंदणीने अथवा नैसर्गिकीकरणाने नागरिकत्व मिळावे म्हणून आलेला अर्ज सरकारने आपल्या मुखत्यारीने मंजूर वा नामंजूर करावा, तसे करण्याची कारणे देण्यास सरकार बांधील असणार नाही, आणि झालेला निर्णय अखेरचा असून कोणत्याही न्यायालयात त्याविषयी प्रश्न उपस्थित करता येणार नाही. (नैसर्गिकीकरण हा पाठ्यपुस्तकी शब्द उच्चारावयासच इतका अनैसर्गिक आहे की येथून पुढे मी त्याला अर्जाचे नागरिकत्व असेच म्हणणार आहे.) घटनेचे चौदावे कलम कायद्यापुढील समानतेची हमी देते, आणि ती नागरिकापुरती मर्यादित न ठेवता कोणत्याही व्यक्तीला देते; या अधिनियमाच्या चौदाव्या कलमाने मात्र परक्या व्यक्तीला निरुत्तर दारातून परत पाठविण्याची मुभा सरकारला दिली. आकड्यांचा हा योगायोग कोणी जाणूनबुजून केलेला नसणार, पण तो डोळ्यांत खुपतो.

बाहेरून आलेल्या माणसाला आपले म्हणावे केव्हा, हा प्रश्न काही प्रजासत्ताकाबरोबर जन्मास आलेला नाही. पेशवाईतील आपल्या गावांत रयत दोन जातीची असे: एक मिरासदार, म्हणजे ज्याची जमीन वंशपरंपरेची आणि सरकारचा सारा भरीत असेतोवर ज्याला सहसा कोणी उठवू शकत नसे असा; आणि दुसरा उपरी, म्हणजे बाहेरून येऊन मुदतीच्या कौलावर परक्याची जमीन कसणारा, ज्याचा शब्द गावकीत हलका. परंतु उपऱ्याला मिरासदार होण्याची वाट बंद नव्हती. वारस न उरलेल्या कुळाची गतकुळी जमीन पाटील व गावकरी यांच्याकडून विकत घेऊन तो मिरासपत्र करून घेऊ शके, आणि त्या पत्रात जमीन कोणती, ती कोणी व कोणास दिली, साक्षीला कोण होते, हे सारे नमूद असे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. वेशीबाहेर ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठेवले त्यांना विचारले तर ते त्या गावकीविषयी वेगळेच सांगतील. तथापि उपऱ्याचा मिरासदार होताना कागदावर काहीतरी लिहावे लागते, एवढी समज त्या काळच्या कुलकर्ण्यालाही होती.

घटना समितीपुढे नागरिकत्वाची कलमे ऑगस्ट १९४९ मध्ये चर्चेस आली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी प्रांजळपणे सांगून टाकले की अन्य एका कलमाचा अपवाद सोडला तर मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दुसऱ्या कोणत्याही कलमाने झालेली नाही. कितीएक मसुदे केले गेले आणि टाकून दिले गेले. फाळणीने लक्षावधी माणसे सीमेच्या अलीकडे-पलीकडे लोटली होती, आणि यांतील आपले कोण हे १९ जुलै १९४८ व १ मार्च १९४७ अशा तारखांच्या रेघा ओढून ठरवावे लागत होते. त्या चर्चेत अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख उभे राहिले आणि त्यांनी मसुद्यावर असा घणाघात केला की या कलमांनी भारताचे नागरिकत्व पृथ्वीवर सर्वांत स्वस्त होऊन बसेल. विमानाने मुंबईस उतरलेली एखादी परकी स्त्री काही तासांत येथे प्रसूत झाली तर तिच्या मुलालाही ते मिळेल काय, अशा आशयाचा त्यांचा सवाल होता. अन्य देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू व शीख व्यक्तीस, ती कोठेही राहत असो, नागरिकत्वाचा हक्क असावा, अशी दुरुस्तीही त्यांनी सुचविली. समितीने ती स्वीकारली नाही. घटनेने धर्म न पाहता जन्म, माता-पिता व रहिवास यांवर भिस्त ठेवली, आणि पुढचे सगळे अकराव्या कलमाने संसदेच्या हवाली केले.

संसदेने त्या अधिकाराचे काय केले हे पाहू गेल्यास पंजाबरावांची शंका हळूहळू कायदा होत गेली असे दिसते. १९५५ च्या मूळ अधिनियमान्वये, राजदूतांची मुले वगैरे थोडे अपवाद वगळता, या भूमीवर जन्मलेले प्रत्येक मूल भारतीय होते. १९८६ च्या दुरुस्तीने, १ जुलै १९८७ पासून, आई-बापांपैकी एकजण तरी भारतीय असावा अशी अट आली; आणि ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत दोघेही भारतीय असावेत, किंवा एकजण भारतीय असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, असे ठरले. परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने मिळणारे नागरिकत्व तर १९९२ पर्यंत केवळ बापाकडून मिळे. आईचे रक्त कायद्याच्या लेखी पाणीच होते, ही लाज त्या वर्षीच्या दुरुस्तीने धुतली.

अर्जाच्या नागरिकत्वाची मुदतही अशीच ताणली गेली. मूळ तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे अर्जापूर्वीचे सलग एक वर्ष आणि त्याआधीच्या सात वर्षांपैकी मिळून चार, असा पाच वर्षांचा रहिवास पुरत असे. १९८६ मध्ये बांगलादेश, श्रीलंका व काही आफ्रिकी देशांतून होणाऱ्या आगमनाचा हवाला देऊन तो दहा वर्षांवर नेण्यात आला, आणि २००३ च्या दुरुस्तीने सलग एक वर्ष व त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा, असा बारा वर्षांवर. शिवाय वैध कागदपत्रांवाचून आलेल्या किंवा मुदतीनंतर राहिलेल्या माणसाला, तो येथे तीस वर्षे का घाम गाळीत असेना, अर्ज करण्याचा मार्गच उरला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांपुरती अकराची पाच वर्षे केली. त्या दुरुस्तीवर रस्त्यावर आणि न्यायालयात जे रण माजले त्याची उजळणी येथे करीत नाही. मला धर्माची यादी लावून मुदत ठरविणे पटत नाही, एवढे नोंदवून मी एका साध्या बेरजेकडे वाचकांचे लक्ष वेधतो. सवलत म्हणून ज्यांना जे देण्यात आले ते एक अधिक पाच, म्हणजे सहा वर्षे होते. १९५५ साली कोणत्याही धर्माच्या माणसाला पाच वर्षे पुरत होती.

वर्षे किती असावीत हा शेवटी राज्यकर्त्यांच्या धास्तीचा प्रश्न असतो, आणि धास्ती येते तशी जाते. अमेरिकेने १७९० मध्ये दोन वर्षे ठेवली, १७९५ मध्ये पाच केली, फ्रेंच व आयरिश आगंतुकांच्या भीतीने १७९८ मध्ये एकदम चौदा केली, आणि भीती ओसरताच १८०२ मध्ये पुन्हा पाच. ती आजतागायत पाचच आहेत. म्हणून वर्षांच्या आकड्यावर मी फार भांडणार नाही. माझे भांडण कलम १४ मधील कारणे न देण्याच्या त्या दोन-तीन शब्दांशी आहे जे १९५५ पासून प्रत्येक दुरुस्तीतून सहीसलामत सुटले.

कोणी म्हणेल की ज्यांना नागरिकत्व मिळते त्यांना तरी सरकार कोठे कारण सांगते? आपल्यांतील बहुतेकांना ते न मागता मिळाले, आणि न मागता मिळालेल्या वस्तूचे कारण कोणी विचारीत नाही. गोमंतकाचे उदाहरण घ्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली आणि २८ मार्च १९६२ च्या हुकुमाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण वा दीव येथे जी स्वतः जन्मली किंवा जिचे आईबाप अथवा आजा-आजी यांपैकी कोणी जन्मले अशी प्रत्येक व्यक्ती भारताची नागरिक झाली; ज्याला ते नको असेल त्याने एक महिन्याच्या आत लेखी कळवावे, एवढीच पळवाट होती. एका गोमंतकीय धर्मगुरूने ती वापरली, पोर्तुगीज राहणे पत्करले, आणि १९६४ साली त्याचा रहिवास परवाना संपला तरी तो आपल्या जन्मगावच्या भूमीवरून हलेना. त्याच्यावर परकीय नागरिक म्हणून खटला झाला, शिक्षा झाली, आणि जिनिव्हा कराराचा आधार घेऊन तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तरी १९६९ मध्ये त्या न्यायालयाने त्याचे म्हणणे फेटाळले. त्या निकालाशी मी सहमत आहे. परंतु तो वाचताना मनात येते ते असे की आपल्याच गावी परका ठरलेल्या या माणसालाही आपण परके का, याची सविस्तर, पानेच्या पाने भरलेली कारणमीमांसा मिळाली. राज्याने एक पानही लिहून देऊ नये असा माणूस एकच उरतो: ज्याने आपखुशीने या देशाचे होण्याचा अर्ज केला तो.

आणि तो कसा माणूस असतो? कासेगावच्या डॉ. गेल ऑम्वेट अमेरिकेत जन्मल्या, महात्मा फुल्यांच्या चळवळीवर प्रबंध लिहावयास महाराष्ट्रात आल्या, येथील शेतकरी-कष्टकऱ्यांच्या लढ्यांत मिसळल्या आणि १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या; फलटणच्या डॉ. मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकी, पण त्यांनी तेथील मुलांना त्यांच्याच बोलीतून मराठी वाचावयास शिकविण्यात हयात घालविली आणि नागरिकत्वही भारताचेच घेतले. तिसऱ्या अनुसूचीत एक अट अशी की आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा अर्जदारास पुरेशी यावी. फलटणच्या बाईंची परीक्षा घेण्याचे धाडस कोणत्या मामलेदाराने केले असते, हे मला पाहावेसे वाटले असते. मंजुरीनंतर अर्जदाराला शपथ घ्यावी लागते, आणि तिच्यात भूमीचे, रक्ताचे वा राजाचे नाव येत नाही. कायद्याने प्रस्थापित झालेल्या भारतीय घटनेशी खरी निष्ठा, देशाचे कायदे पाळणे आणि नागरिकाचे कर्तव्य करणे, एवढेच तीत आहे. आपण जन्मजात नागरिकांनी, मंत्री, आमदार, न्यायाधीश वगैरे वगळता, अशी शपथ कधीही घेतलेली नाही, आणि घ्यावी लागली असती तर तिचा मजकूर आधी कितीजणांनी वाचला असता, हा निराळाच प्रश्न आहे.

असे अर्जदार काही लोंढ्याने येत नाहीत. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत मिळून ४,८४४ परकीयांना भारताचे नागरिकत्व देण्यात आले. उलट २०२२ या एकाच वर्षी २,२५,६२० भारतीयांनी आपले नागरिकत्व सोडले. जाणाऱ्यांत आपली मराठी मुले थोडी नाहीत. न्यू जर्सीत ग्रीन कार्डाच्या रांगेत पंधरा-पंधरा वर्षे ताटकळणाऱ्या भाच्याची कहाणी प्रत्येक आत्या मोठ्या तळमळीने सांगते, आणि ती तळमळ खोटी नसते. पण तोच भाचा एकदा त्या देशाच्या नागरिकत्वास पात्र ठरला आणि त्याचा अर्ज फेटाळला गेला, तर तेथील अधिकाऱ्याला कारणे लेखी द्यावी लागतात, त्यावर पुन्हा सुनावणी मागता येते, आणि तीही विरुद्ध गेली तर जिल्हा न्यायालय सारे प्रकरण पहिल्यापासून तपासू शकते.

ही कारणे नेहमी चांगलीच असतात असे मी म्हणत नाही. त्या देशाच्या १७९० च्या कायद्याने नागरिकत्व केवळ ‘गोऱ्या’ स्वतंत्र माणसापुरते ठेवले होते, आणि मुंबईचे पारशी कापूस-व्यापारी भिकाजी बालसरा यांना १९१० मध्ये अपील न्यायालयाने गोऱ्यांत गणले. परंतु १९२३ मध्ये, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेल्या भगतसिंग थिंद यांना तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वंशशास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीने तुम्ही गोरे नव्हेत. त्याचा आधार घेऊन सरकारने आधी दिलेली नागरिकत्वेही काढून घेण्याचा सपाटा लावला. थिंद यांचे वकील, मुंबई इलाख्यातून गेलेले सखाराम गणेश पंडित, स्वतः १९१४ मध्ये नागरिक झाले होते. सरकार त्यांच्यावरही उलटले, तेव्हा ते न्यायालयात लढले आणि जिंकले. थिंद यांच्याविरुद्धचा निकाल अन्यायाचा होता, यात शंका नाही. पण तो छापलेला होता, त्यातील तर्काचा हास्यास्पदपणा ज्याला वाचता येते त्या प्रत्येकाला दिसत होता, आणि त्यावर बोट ठेवून भांडता येत होते. १९४६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने हिंदी लोकांना नागरिकत्वाचे दार उघडले तेव्हा बोट ठेवावयाची जागा शोधावी लागली नाही. चुकीच्या कारणाशी झगडता येते. मुकेपणाशी कसे झगडावे?

आमचे कलम १४ कोठून आले याचाही शोध फार लांब घ्यावा लागत नाही. १९४८ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यात गृहमंत्र्याला कारण न देण्याची हीच मुभा याच वळणाच्या भाषेत होती, आणि पुढच्या १९८१ च्या कायद्यातही ती टिकली होती. मग हॅरॉड्स या प्रख्यात दुकानाचे त्या वेळचे मालक, इजिप्तचे फायेद बंधू यांचे अर्ज १९९५ मध्ये काहीही न सांगता फेटाळले गेले, आणि तेथील अपील न्यायालयाने पुढच्या वर्षी असे ठरविले की कारण देण्याचे बंधन नसले तरी सरकारला खटकणारी बाब कोणती हे अर्जदाराला आधी कळविणे आणि त्याला उत्तर देण्याची संधी देणे न्यायबुद्धीला धरून आहे. २००२ च्या कायद्याने ब्रिटनने ती मुभा रद्दच करून टाकली. ज्यांच्या घरून आपण हे जुने अंगरखे आणले त्यांनी ते मोडीत काढले, आणि आपण अजून ते अंगावर मिरवीत आहोत.

यावर सरकारी बाजूने दोन उत्तरे येतील, आणि दोन्ही ऐकून घेण्याजोगी आहेत. पहिले असे की कलम १५ व १५ अ यांनी तीस दिवसांत फेरतपासणीची व पुनर्विलोकनाची सोय केलेली आहे, आणि घटनेच्या २२६ व्या कलमाखालील उच्च न्यायालयाचा अधिकार तर कोणताही साधा अधिनियम हिरावून घेऊ शकत नाही. मान्य, परंतु पुनर्विलोकनाच्या अर्जात अर्जदाराने लिहावे काय? आपली कोणती चूक झाली हेच ज्याला ठाऊक नाही, भाषेचा दाखला कमी पडला की रहिवासाचे दिवस, कोण्या शेजाऱ्याने खोटी कागाळी केली की नावाच्या घोटाळ्याने दुसऱ्याचाच गुन्हा आपल्या माथी बसला, हे ज्याला कोणी सांगितलेले नाही, त्याची कैफियत म्हणजे अंधारात मारलेले दगड होत. दुसरे उत्तर देशाच्या सुरक्षिततेचे, आणि ते खरोखरच वजनदार आहे. गुप्तचराचा अहवाल टपालाने घरी धाडता येत नाही.

पण या दुसऱ्या उत्तराचे उत्तर आपल्याच विधिसंग्रहात १९६७ पासून पडून आहे. त्या वर्षीच्या पासपोर्ट अधिनियमाचे कलम ५, पोटकलम ३, असे सांगते की पासपोर्ट नाकारला तर अधिकाऱ्याने कारणांचे संक्षिप्त लेखी टिपण करावे आणि मागणी केल्यास त्याची प्रत अर्जदारास द्यावी. मात्र देशाचे सार्वभौमत्व, अखंडता व सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री किंवा सर्वसाधारण जनतेचे हित यांस बाधा येत असेल तर प्रत देऊ नये. म्हणजे प्रत रोखण्याची मुभा आहे, टिपण न करण्याची नाही. फायलीत कारण असलेच पाहिजे, आणि प्रसंग पडल्यास ते न्यायाधीशापुढे ठेवता आलेच पाहिजे. गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ दर साल लक्षावधी पासपोर्टांच्या अर्जांवर हे कलम लागू आहे, आणि त्यापायी देश कोठे धोक्यात आल्याचे ऐकिवात नाही. पाच वर्षांत पाच हजारही न भरणाऱ्या नागरिकत्वाच्या मंजुऱ्यांसाठी गृहखात्याला तेवढे टिपण लिहिणे अशक्य होईल, असे म्हणणे मला तरी पटत नाही.

माझी मागणी नवा कायदा करण्याची नाही, आणि सरकारने अमुक इतक्यांना नागरिकत्व द्यावेच अशीही नाही; नाकारावयाचे त्याला खुशाल नाकारावे. नागरिकत्व अधिनियमाला पुढची दुरुस्ती येईल, आणि ती येणारच, तेव्हा महाराष्ट्रातून दिल्लीस गेलेल्या खासदारांपैकी एकाने तरी, तो कोणत्याही पक्षाचा असो, पासपोर्ट अधिनियमातले ते एक वाक्य उचलून कलम १४ मध्ये घालण्याची उपसूचना मांडावी.